पुठ्ठ्याआडचा फासा

चेअरमनसाहेबांचा फोन आला की आमचे केमिस्ट साहेब खुर्चीतून उठून उभं राहून बोलायचे. फोन ठेवल्यावरही जरा वेळ तसेच उभे. मग टेबलावरची एखादी बाटली उगाच इकडची तिकडं ठेवायचे आणि खाली बसायचे. लॅबमध्ये त्यांच्याबरोबर मी एकटीच असायचे. त्यांना उभं राहिलेलं मी पाहिलं असं त्यांना वाटू नये म्हणून मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचे. त्या सालात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काहीच नसायचं.

आमचा सहकारी साखर कारखाना बालाघाटाच्या अंगाला, उघड्या माळावर. दुसऱ्या सालीही पाऊस झाला नाही, तेव्हा शिवारात जो काही ऊस तगला होता तो छावणीतल्या जनावरांपुढं गेला. गव्हाणीत उसाची मोळी पडली नाही, धुराडं गार राहिलं. आम्ही रोज यायचो, हजेरी लावायचो आणि बसायचो. बाकीच्या खात्यांत लोक पत्ते कुटायचे, नाहीतर टँकर कुठवर आला त्याची चौकशी करायचे. केमिस्ट साहेब मात्र रोज सकाळी सगळी काचेची भांडी धुऊन, पुसून, उलटी मांडायचे. धुण्यापुरतं पाणी ते चौसाळ्याहून, आपल्या घरून, मोटरसायकलला कॅन बांधून आणायचे. मग फळ्यावर लिहायचे : रस – नाही. साखर – नाही. मळी – नाही. तापमान मात्र न चुकता लिहायचे, कारण तेवढंच काय ते मोजायला उरलं होतं.

साखर कारखान्यात उभा जन्म काढलेला हा माणूस बिनसाखरेचा चहा प्यायचा. कुणालाही ‘अहो’ म्हणायचा. लॅबच्या दारात एक कुत्री येऊन बसायची, तिलाही ‘अहो, जरा सरका’. डब्यात बाराही महिने शेपूची भाजी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, रोज वेगळी भाजी असली की माणूस दहा वाजल्यापासून डब्याचाच विचार करतो.

खेळ त्यांनीच आणला. तरुणपणी पुण्याला शिकत असताना त्यांच्या खोलीतल्या मित्राकडं तो इंग्रजीतून होता. साहेबांनी तो स्वतःच्या हातानं मराठीत उतरवला आणि उतरवताना आपल्या मुलखाचा केला. टेबलाभोवती चौघं-पाचजण बसायचे. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. साहेब गोष्ट सांगायला लागायचे : तुम्ही घाटाच्या तोंडाशी उभे आहात, पुढं पडका किल्ला आहे, दिवस मावळायला आलाय, काय करता? आपण आपल्या पात्रानं काय केलं ते सांगायचं. ते जमलं की नाही हे फासा ठरवायचा. वीस तोंडांचा हिरवा फासा, एकच होता. जास्त पडलं तर जमलं, कमी पडलं तर फसलं. किल्ल्यातले चोर, जनावरं, भुतं ही सगळी साहेबांची. त्यांच्या वतीनं साहेब फासा टाकायचे, तो जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून त्याच्या आड, म्हणजे समोरच्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला आधी कळू नये.

माझं पात्र वैदीण. ऊस गाळायच्या मिलमधला फिटर पहिलवान झाला होता आणि शेतकी खात्याचे ओव्हरसियर खबऱ्या. टेबलावर एकमेकांना पात्राच्या नावानंच हाक मारायची, असा नियम होता. ‘इथं आडनाव चालत नाही,’ साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. इतरांना तो खेळातला एक नियम वाटला. मी पाली गावची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. माझं आडनाव ऐकलं की समोरचा पुढचा प्रश्न गिळतो, तो गिळतानाचा गळा मी लहानपणापासून ओळखते. दुपारचे दोन तास मी नुसती वैदीण असायचे. फिटर मला ‘वैदीणबाई, जरा हिकडं बघा, मला लागलंय’ म्हणायचा, आणि त्याचा जीव खरोखर माझ्या हातात असायचा. साहेबांबद्दल मला काय वाटायचं ते यावरून समजावं.

कुठल्याही खेळात असतं तसं, काहीजणांना गोष्ट नको असते, ताकद हवी असते. फिटर सुरुवातीला तसाच होता. दर वेळी त्याला आधीपेक्षा मोठी तलवार पाहिजे. साहेब कधी नाही म्हणाले नाहीत. देत गेले. शेवटी पहिलवानाकडं इतकी मोठी तलवार झाली की ती पाठीवर घेऊन तो गावात शिरला तर साहेब म्हणाले, बाया दारं लावून घेतायत, पोरं पळतायत, जेवायला कुणी बोलवत नाही. फिटर दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला, ‘तलवार वेशीबाहेर लिंबाखाली ठिवतो अन मग गावात जातो.’ साहेबांनी लगेच त्याला एका म्हातारीच्या घरी पिठलं-भाकरी वाढली. ती खाताना फिटरचं तोंड असं झालं होतं की आम्हालाही भूक लागली.

ओव्हरसियरांचा हट्ट वेगळा. ते नियम पाठ करून यायचे आणि फटीतून निसटायचे. अमुक ठिकाणी असं लिहिलंय, म्हणजे मला हे करता येतं. साहेबांनी वाद घातला नाही. नियमांचे कागद त्यांच्याच हातात दिले आणि म्हणाले, आजपासून निवाडा तुमचा. त्यानंतर ओव्हरसियर स्वतःविरुद्ध इतके कडक निवाडे द्यायला लागले की आम्हाला त्यांची रदबदली करावी लागायची.

मी हे मोठ्या कौतुकानं बघायचे. फोनवर उभा राहणारा हा माणूस टेबलावर कुणालाच भीत नाही असं मला वाटायचं.

उन्हाळा लागला आणि ले-ऑफची बोलणी सुरू झाली. गाळपच नाही तर एवढी माणसं कशाला, असं कुणीतरी बोर्डात म्हणालं म्हणे. त्याच सुमाराला एका दुपारी चेअरमनसाहेबांचे भाचे लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. सगळे त्यांना भैय्यासाहेब म्हणायचे. तिशीतले, पांढरे कपडे, थोडे लठ्ठ. कारखान्यात त्यांना पद नव्हतं, केबिन होती. कोण काय करतं हे मामांना सांगणं एवढंच त्यांचं काम, असं लोक समजायचे. खरं की खोटं, कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही सगळे उठलो. फिटरनं पुठ्ठा आडवा केला. साहेब फोन आल्यासारखे उभे.

भैय्यासाहेबांनी फासा उचलून बघितला. काय आहे हे, विचारलं. साहेबांनी सांगितलं. सांगताना आवाज बारीक झाला होता. भैय्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मला घेता का?’

असे ते सरदार झाले.

पहिल्या दिवशी त्यांना घोडा मिळाला. दुसऱ्या वेळी चिलखत. त्यांना सगळ्यातच पुढं जायचं असायचं. दार असलं की मी उघडतो, वाट असली की पुढं मी, जनावर आलं की आधी मी. फिटरच्या वाटणीचं शत्रूशी भिडणंही त्यांनीच घेतलं. साहेबांनी फिटरला जसं वळणावर आणलं होतं तसं यांनाही आणतील म्हणून मी वाट बघत होते. चिलखताचं वजन होईल, घोड्याला चारा लागेल, गावातले लोक सरदाराला बघून दारं लावतील. काहीच झालं नाही. घोडा खात नव्हता. गावातले लोक हार घेऊन उभे असायचे. आणि पुठ्ठ्याआड फासा पडला की साहेब म्हणायचे, ‘हुकलं.’ चोराचा वार हुकला. सापाचा दंश हुकला. सरदारांच्या अंगाला काही लागायचंच नाही.

मी साहेबांच्या शेजारी बसायचे. पुठ्ठ्याआडचा फासा मला दिसायचा नाही, पण तो पडल्यावर त्यांच्या मानेची शीर दिसायची. ‘हुकलं’ म्हणण्याआधी ते एक आवंढा गिळायचे. मी त्यावरून जे समजायचं ते समजले आणि माझ्या औषधांच्या पिशवीकडं बघत राहिले. फिटर आणि ओव्हरसियरही असंच कुठंकुठं बघत असणार. आम्ही आपसात एक अक्षर बोललो नाही. ले-ऑफ लागला तो इतर खात्यांत लागला. लॅबच्या आणि आमच्या टेबलावरच्या कुणालाही धक्का लागला नाही. फिटरच्या मिलमधले जोडीदार घरी बसले, तो राहिला. त्याचं कारण हेच होतं की दुसरं काही, मला आजही माहीत नाही.

भैय्यासाहेब मात्र बदलत चालले होते. आधी मोबाइल टेबलावर ठेवून बसायचे, मग तो बाहेर गाडीत ठेवून यायला लागले. किल्ला सर झाला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना उसाच्या नव्हे, लिंबाच्या सरबताचा थर्मास आणला आणि हसत म्हणाले, आपल्या कारखान्यात ऊस कुठं आहे. आम्ही हसलो. थोडं जास्तच हसलो.

मे महिन्यातली दुपार. लॅबच्या खिडक्या उघड्या, कूलरमध्ये पाणी नाही. खेळात आम्ही घाटात होतो. झाडीतून एक मोठं जनावर सरदारांवर झेपावलं. साहेबांनी पुठ्ठ्याआड फासा टाकला, आवंढा गिळला आणि म्हणाले, ‘हुकलं.’

तेवढ्यात माळावरून वावटळ आली. खिडकीतून धुळीचा लोट आत आला, कागद उडाले, आणि पुठ्ठा आमच्या बाजूला आडवा पडला. फासा साहेबांच्या हाताशी होता. वर वीस होते.

वीस म्हणजे त्याहून मोठा वार नाही.

साहेबांनी फाशावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

‘वीस हाय की,’ भैय्यासाहेब म्हणाले. रागानं नाही, एखाद्याला त्याचं काही सांडलंय असं सांगावं तसं. मग त्यांनी आमच्याकडं बघितलं. फिटर नखं बघत होता. ओव्हरसियरांनी नियमांचे कागद सारखे करायला घेतले. मी कुठं बघितलं ते आठवत नाही, पण त्यांच्याकडं नक्की नाही. आमच्यापैकी एकालाही नवल वाटलं नव्हतं, आणि ते त्यांना दिसलं.

‘तुमा सगळ्यायला म्हाइत होतं?’



साहेब उभे राहिले होते. भैय्यासाहेबांनी विचारलं, नदीवरच्या चोराचा वार? साहेब म्हणाले, होय. किल्ल्यातला साप? होय. ‘कवापासून?’

‘तुम्ही आल्यापासून,’ साहेब म्हणाले.

भैय्यासाहेबांनी फासा बोटानं साहेबांकडं सरकवला. मग म्हणाले, ‘मी घरी सांगितलतं. बायकोला. किल्ला घेतला म्हणून.’ आणि उठून गेले. चिलखत, घोडा, किल्ला, सगळं टेबलावरच राहिलं.

आम्हाला वाटलं, आता आपली नोकरी गेली. आठवडाभर शिपायाची सावली दारात पडली तरी मी उठून उभी राहायचे. काहीच झालं नाही. नोटीस नाही, बोलावणं नाही. त्यांनी मामांना काही सांगितलं नव्हतं. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. डबा उघडला, झाकण पुन्हा लावलं. ‘तो माणूस चांगला निघाला हो,’ एवढंच म्हणाले, जणू ती एखाद्या आजाराची बातमी होती.

टेबल बंद पडलं. साहेब नुसती भांडी धुवायचे. फळ्यावर लिहायचं त्यांनी सोडून दिलं. फिटर एकदा आला, दारातच थांबला, म्हणाला, ‘साहेब, कावून एवढं मनाला लावून घेता? तुमी आमच्यासाठीच केलं न्हवं का.’ साहेब म्हणाले, ‘अहो, असं म्हणू नका. माझी चूक तुमच्या नावावर घालू देऊ नका मला.’

जूनच्या तोंडाशी एक दिवस त्यांनी मला विचारलं, तुम्ही माझ्याबरोबर भैय्यासाहेबांच्या केबिनपर्यंत येता का. एकट्यानं जाणं त्यांच्यानं होईना. मी गेले. भैय्यासाहेबांनी बसा म्हटलं. मी बसले, साहेब नाहीत. उभ्यानंच त्यांनी माफी मागितली. म्हणाले, मी घाबरलो होतो.

‘मला? मी काय केलतं तुमाला?’

‘काहीच नाही. तुम्ही काही करायच्या आतच मी घाबरलो.’

भैय्यासाहेब खिडकीबाहेर बघत बोलले. आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. ‘लहानपणी गावात विटीदांडू खेळायचो. माझा डाव कधी जायचाच न्हाई. मला वाटायचं, आपल्याला लई चांगलं खेळता येतं. पुण्याला गेल्यावर कळलं. थितं कॉलेजच्या टीममधी पाणी द्यायला बी घेतलं न्हाई. मग वापस आलो. तुमच्याकडं आलो तवा वाटलं, फासा हाय, फाशाला काय ठावं मी कुणाचा कोण.’

मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा संतापही आला. माझा डाव तर कुणी कधी राखला नव्हता. मला आयुष्यात कुठल्या पुठ्ठ्याआडून ‘हुकलं’ म्हटलं गेलं असतं तर मी कुठं असते, असं मनात आलं. पण त्या दुपारी, त्या माणसासमोर, माझ्या ह्या हिशेबाला काही अर्थ नव्हता. आम्ही चौघांनी मिळून त्यांना फसवलं होतं. टेबलावर मला वैदीण म्हणून बसवणाऱ्या माणसानं त्यांना मात्र आडनावासकट बसवलं होतं, आणि मी ते चालवून घेतलं होतं.

साहेब म्हणाले, परत या. पुठ्ठा नसेल. फासाही मी टाकणार नाही. दुसरा कुणीही टाकेल, सगळ्यांच्या देखत.

भैय्यासाहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दोन-तीन दिवसांनी दुपारी आले. मोबाइल हातातच होता. घोडा आणि चिलखत नको म्हणाले. सरदार पायी निघाला.

साहेब गोष्ट सांगत होते, पण हात टेबलाखाली मांड्यांमध्ये घट्ट धरून. शत्रूचा फासा फिटर टाकत होता. पहिल्याच झटापटीत सरदारांच्या खांद्यावर वार बसला.  भैय्यासाहेबांनी वाकून फासा बघितला आणि मान हलवली. मी पट्टी बांधू का विचारलं. बांधा, म्हणाले. ती पहिली वेळ होती मी सरदारांना पट्टी बांधण्याची. इतके दिवस त्यांना माझी गरजच पडली नव्हती.

मग घाटाच्या माथ्यावर दगडी दरवाजा लागला. तो बंद होता आणि मागून पाठलाग करणारे जवळ येत होते. साहेबांनी विचारलं, काय करता? सरदार म्हणाले, खांदा लावतो. जखमी खांद्यानं तो दरवाजा उघडणं जवळजवळ अशक्य होतं. ओव्हरसियरांनी नियम बघून तसं सांगितलं, कुठलीही सूट दिली नाही. भैय्यासाहेबांनी हिरवा फासा दोन्ही तळहातांत घोळवला आणि टाकला. फासा टेबलभर गडगडत जाऊन माझ्या कोपराशी थांबला.

वीस.

फिटर ओरडलाच. ओव्हरसियर हसत उभे राहिले. मीसुद्धा टाळी वाजवली. खरा, उघड्यावर, त्यांच्या स्वतःच्या हातून पडलेला वीस.

भैय्यासाहेबांनी फाशाकडं बघितलंच नाही. त्यांनी आधी साहेबांकडं बघितलं. मग फिटरकडं, मग ओव्हरसियरांकडं, मग माझ्याकडं. एकेकाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. आमचं हसू त्यांच्या नजरेखाली एकेक करून विझत गेलं. त्यांना काय पाहिजे होतं ते आमच्या चेहऱ्यांवर आता कधीच सापडणार नव्हतं, कारण आम्ही किल्ल्याच्या वेळीही असेच हसलो होतो.

‘पडलं, सरदार,’ साहेब म्हणाले. ‘खरंच पडलं.’

भैय्यासाहेबांनी माझ्या कोपराजवळून फासा उचलला, म्हणाले, ‘पुन्यांदा टाकतो,’ आणि टाकला. तीन पडले. दरवाजा उघडला नाही. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी थोडं हसले.

‘हां,’ म्हणाले. ‘आता पुढं सांगा.’

साहेबांना पुढचं सांगता येईना. ते उठले, नळाकडं गेले. नळाला पाणी नव्हतं. तरी तो उघडून, पाठमोरे, बराच वेळ तिथं उभे राहिले.